पुढची सीट

पेटीवरच्या चित्रातलं विमान पिवळंधमक,
लढाईच्या काळातलं, शिकाऊ पोरांचं,
खाली इंग्लंडची चौकटी-चौकटीची शेतं.
मला ते नको होतं.
मला हवं होतं टायहापेच्या डोंगरांवर खत टाकणारं,
कळकट, चंदेरी टायगर मॉथ.
तसं किट कुणी काढत नाही.
म्हणून पायरी क्रमांक चारपाशी
सूचनांचा कागद पालथा घातला
आणि पुढची सीट कापून काढली.

हत्यारं माझी जुनीच.
एकतीस वर्षं शाळांच्या दंत-दवाखान्यात होते.
मुलं त्याला खाटीकखाना म्हणत,
आणि तरी आ करत.
तिथली टोकदार सळई, तिथला वाटोळा आरसा.
किडका दात शोधावा
तशी मी अजून वाकून बघते.

सीटच्या जागी खताचा हॉपर.
पत्रा मिळाला टोमॅटो प्युरीच्या ट्यूबचा.
माप मिळेना.
मर्व्हला फोन केला. तो तेव्हा लोडर चालवायचा,
आता ऐकू कमी येतं, बोलतो जास्त.
म्हणाला, "किती खोल? अगं नायरी, तूच उतरली होतीस की
आत, चिकटलेलं सुपर खरवडायला.
तुझ्या बरगड्यांपर्यंत येत होतं."

एकोणिसाव्या वर्षीच्या माझ्या बरगड्या
भागिले अठ्ठेचाळीस.
पण तेव्हापासून मी दोन इंच आटले आहे,
अंगावर टेप लावून उपयोग नव्हता.
शेवटी नर्सिंगचा पहिला गणवेश काढला ट्रंकेतून,
दारामागे टांगला,
तळाच्या शिवणीपासून तिसऱ्या बटणापर्यंत मोजलं,
बुटांची टाच धरली.
बाकी थोडी उरली,
ती कानशीने घासून टाकली.

वरचा पंख बसवणं म्हणजे
आठ खांब, दोन हात, आणि गोंद वाळायच्या आत.
कवळीसारखाच बसवला:
मधे निळा कागद धरून
कुठे उंच लागतंय बघितलं,
तेवढंच खरवडलं.
तारांसाठी फ्लॉस उसवून एकेक तंतू.
खालचा डावा पंख मात्र पिवळाच ठेवला.
तो क्लॅरीने वायुदलाच्या भंगारातून आणला होता.
रंगवू रविवारी, म्हणाला होता.

हॉपरच्या तळाला झडप आहे, उघडणारी.
तशी गरज नव्हती,
काचेच्या कपाटात कोण बघणार.
पण मी बिजागरी केली, दांडा केला,
आणि काल आत टाल्कम पावडर भरली.
बाहेर तीन दिवस झड लागलेली,
स्वयंपाकघरात सगळंच सर्द.
सळईने दांडा ओढला.
झडप उघडली.
पडलं काहीच नाही.

दमट सुपर गोळा होतं.
चौकशीच्या कागदात तेवढं एकच वाक्य होतं
जे मला समजलं.

मी पोटाखाली टिचकी मारली.
सगळं एकदम खाली आलं,
विजेच्या बिलावर, बशीवर, माझ्या बाहीवर.
एवढंच लागतं.
तिथे वर, मेंढ्यांच्या कुरणावर,
टिचकी मारायला
कोण असतं.

पेटीत दोन वैमानिक येतात.
मागचा मागे बसवला, चष्मा कपाळावर,
क्लॅरी तो कधीच डोळ्यांवर लावत नसे.
पुढचा उरला.
हॉपर बसायच्या आधी त्या सीटवर
मीही एकदा बसले होते,
रांगिटिकेई नदी तिरकी झालेली पाहिली होती
आणि उतरल्यावर ओकले होते, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

उरलेल्याचे पाय गुडघ्यात सरळ केले,
टोपी तासली, हातात फावडं दिलं,
आणि पिवळ्या पंखापाशी उभा केला.
मर्व्ह येऊन बघून गेला.
म्हणतो, मी एवढा जाडा नव्हतो.
होतास, म्हटलं. आणि चहा ठेवला.